फोरहँड बदलला, शिकवणी मागे राहिली

बडोद्यात लक्ष्मीविलास राजवाड्याच्या आवारात, मोतीबाग मैदानाजवळ, सागवानी लाकडाची जमीन असलेलं एक बंदिस्त टेनिस कोर्ट आहे. अशी कोर्टं देशात विरळाच. गुळगुळीत लाकडावर चेंडू फारसा उसळत नाही, घसरत येतो, आणि गुडघे वाकवून तो खालीच गाठावा लागतो. त्याच शहरातल्या सिमेंटच्या कोर्टवर आज दहा-अकरा वर्षांची मुलं खांद्याशी आलेला चेंडू फोरहँडने, म्हणजे तळवा पुढे ठेवून, खालून वर झटका देत मारतात आणि फटका संपताना रॅकेट थेट मानेमागे नेतात. लाकडी रॅकेटवर हात बसवलेल्या जुन्या पिढीतल्या काकांना हे बघवत नाही. ‘फोरहँड सरळ पुढे जायला हवा, हे काय गळ्याभोवती गुंडाळणं?’ असं ते म्हणतात.

काकांचं त्यांच्या काळापुरतं बरोबर आहे. त्यांना शिकवलेला फटका चेंडूच्या वेगळ्या उसळीसाठी आणि वेगळ्या रॅकेटसाठी घडला होता. गोंधळ होतो तो पालकांचा. एक सर ‘रॅकेट मागे, खांदा वळव, पाऊल पुढे, मार’ असे हुकूम देतात. दुसरे सर चेंडू टाकत राहतात आणि ‘नेटवरून उंच काढ, रॅकेट खांद्यावर ने’ याखेरीज जवळजवळ काहीच बोलत नाहीत. दुसऱ्या सरांना फी कशाची द्यायची, असा प्रश्न पालकांना पडतो. त्याचं उत्तर या दोन पद्धती कुठून आल्या, त्यात आहे.

मेजर वॉल्टर विंगफिल्ड यांनी १८७४ मध्ये लॉन टेनिसचं पेटंट घेतलं आणि १८७७ मध्ये पहिली विम्बल्डन स्पर्धा झाली. खेळ वाढला तो हिरवळीवर. १९७४ पर्यंत चारपैकी तीन मोठ्या स्पर्धा, म्हणजे ऑस्ट्रेलियन, विम्बल्डन आणि अमेरिकन, गवतावरच होत. गवतावर चेंडू बुटका राहतो आणि लवकर येतो. म्हणून कॉन्टिनेंटल पकड सोयीची पडली: रॅकेट हातोडीसारखी धरायची आणि फोरहँड, बॅकहँड, व्हॉली (टप्पा पडण्याआधीच मारलेला फटका), सर्व्हिस सगळं त्याच पकडीत उरकायचं. कॅलिफोर्नियात सिमेंटची कोर्टं होती, चेंडू वर यायचा, म्हणून तिथे तळवा दांड्याच्या खाली नेणारी वेस्टर्न पकड रुजली. पण खेळाची राजधानी गवतावर होती आणि ‘शुद्ध’ फटका कोणता हे तिथून ठरायचं.

शिवाय रॅकेट लाकडी, जड. तिच्या जाळीचं क्षेत्रफळ सुमारे ६५ ते ७० चौरस इंच, आणि त्यातही चेंडू नीट लागेल असा भाग मध्यावर जेमतेम. अशा रॅकेटने चेंडूला खालून वर घासत नेणं धोक्याचं होतं, चेंडू लाकडी कडेला लागून भलतीकडे जायचा. रॅकेट चेंडूच्या रेषेत शक्य तितका वेळ ठेवणं हाच शहाणपणा होता. बाजूने उभं राहा, पुढच्या पायावर वजन टाका, चेंडूच्या आरपार जा, या सूचना त्या लाकडातून निघालेल्या आहेत.

त्या सूचना क्रमांकाने का द्यायच्या, हे मात्र लाकडातून निघत नाही. माझ्या मते इथे दोन गोष्टी एकत्र आल्या. एक छापील पुस्तकांतली स्थिर छायाचित्रं. फटक्याचा सलग ओघ चार चित्रांत गोठला आणि ती चित्रंच चार पायऱ्या म्हणून शिकवली जाऊ लागली. दुसरी कवायत. वीस मुलं एका रांगेत उभी केली की हुकमावर हालचाल करून घेणं हाच शिकवणाऱ्याला सोपा मार्ग असतो.

बडोदेकरांना यातली उणीव इतरांपेक्षा लवकर कळायला हरकत नव्हती. जुम्मादादांचा आखाडा आणि पुढे प्रा. माणिकरावांनी वाढवलेली जुम्मादादा व्यायामशाळा याच शहरातली. कैवल्यधामचे स्वामी कुवलयानंद तरुणपणी, १९०७ ते १९१० या काळात, तिथे माणिकरावांकडे शिकले. दत्तात्रय चिंतामण मजुमदार यांनी संपादित केलेला दहा खंडांचा मराठी ‘व्यायाम ज्ञानकोश’ १९३६ पासून बडोद्यातूनच निघाला. शरीर कसं शिकवावं यावर एवढा कागद खर्च करणारी गावं मराठी मुलखातही थोडी सापडतील. त्या परंपरेत कवायत होती तशी कुस्तीही होती, आणि कुस्ती कुणी आकडे मोजून शिकत नाही. वस्ताद डाव एकदा दाखवतो. पुढे तो अंगात मुरतो तो रोजच्या लढतीत, समोरचा वेगवेगळ्या तऱ्हेने अंगावर येत असताना. टेनिस आलं साहेबी क्लबांतून, त्यामुळे त्याची शिकवणी आखाड्याकडे बघत बसली नाही.

सत्तरच्या दशकात सगळंच हललं. स्वीडनचा ब्योन बोर्ग आणि अर्जेंटिनाचा गिलेर्मो विलास चेंडूला जबर टॉपस्पिन, म्हणजे पुढच्या दिशेने फिरकी, देऊन जिंकू लागले. बोर्गने फ्रेंच स्पर्धा सहा वेळा जिंकली आणि १९७६ ते १९८० अशी सलग पाच वर्षं विम्बल्डनही. त्याचा फोरहँड पाहून प्रशिक्षक म्हणत, हा अपवाद आहे, याची नक्कल करू नका. जिंकणाऱ्याला अपवाद ठरवून मोकळं होणं ही प्रशिक्षकांची जुनी खोड.

१९७६ मध्ये हॉवर्ड हेड यांची मोठ्या तोंडाची प्रिन्स रॅकेट आली, सुमारे ११० चौरस इंचांची. लोक हसले. दोनच वर्षांनी १६ वर्षांची पॅम श्रायव्हर ती रॅकेट घेऊन अमेरिकन स्पर्धेच्या अंतिम फेरीत पोचली. मधल्या काळात, १९७७ मध्ये, दुहेरी तारांची ‘स्पगेटी’ रॅकेट गाजली. तिच्या तारा सरकायच्या आणि चेंडूला विचित्र फिरकी मिळायची. त्या रॅकेटने खेळणाऱ्या इली नस्तासेसमोर विलास एका स्पर्धेचा अंतिम सामना अर्धवट सोडून निघून गेला आणि मातीवरचे सलग ५३ सामने जिंकण्याची त्याची मालिका तिथे संपली. आंतरराष्ट्रीय महासंघाने ती रॅकेट बंद केली. पुढे वीस वर्षांनी तारा सरकण्याचाच गुण, एकेरी आणि नियमात बसणाऱ्या रूपात, पॉलिएस्टर तारांनी परत आणला. ब्राझीलच्या गुस्ताव्हो कुएर्तेनने १९९७ ची फ्रेंच स्पर्धा अशाच तारांनी जिंकली. चेंडू लागताना या तारा बाजूला सरकतात आणि चेंडू सुटता सुटता जागेवर परततात. परतताना त्या चेंडूला आणखी फिरवून जातात.

कोर्टही बदललं. अमेरिकन स्पर्धा १९७५ मध्ये मातीवर आणि १९७८ मध्ये हार्ड, म्हणजे सिमेंटसारख्या टणक, कोर्टवर गेली, ऑस्ट्रेलियन १९८८ मध्ये. टप्पा उंच झाला, रॅकेट मोठी आणि हलकी झाली, तारांनी फिरकी वाढवली. अमेरिकन प्रशिक्षक जॉन यँडेल यांनी अतिवेगवान कॅमेऱ्याने केलेल्या मोजणीत सॅम्प्रस आणि अगासी यांच्या फोरहँडची फिरकी मिनिटाला १,८०० ते १,९०० फेऱ्यांच्या घरात निघाली. पुढच्या पिढीत फेडरर सुमारे २,७०० वर आणि नदाल सरासरी ३,२०० च्या आसपास होता.

फिरकीला एवढा मान का, याचं गणित साधं आहे. नेट मध्यावर ९१.४ सेंटीमीटर उंच असतं. सपाट मारलेला जोरदार चेंडू त्यावरून जाऊन कोर्टात पडावा यासाठी फार अरुंद खिडकी मिळते. चेंडू पुढच्या दिशेने फिरत असेल तर त्याच्या वरची हवा त्याला खाली दाबते, म्हणून तो नेटच्या बराच वरून काढला तरी रेषेच्या आत उतरतो. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातले भौतिकशास्त्रज्ञ हॉवर्ड ब्रोडी यांनी या खिडकीचे हिशेब मांडले आहेत. म्हणजे दिसायला गुंतागुंतीचा वाटणारा आधुनिक फोरहँड नवशिक्याला चुका करायला जास्त जागा देतो. दिसायला सरळसोट असलेला जुना फटका खरं तर अवघड होता, तो फक्त साधा दिसायचा.

शिकवणीत पहिली मोठी फट पाडली ती हार्वर्डच्या संघाचे एकेकाळचे कर्णधार टिमथी गॅलवे यांनी, १९७४ मध्ये, ‘द इनर गेम ऑफ टेनिस’ या पुस्तकातून. मनाच्या सूचनांचा भडिमार शरीराच्या आड येतो, हा त्यांचा मुद्दा. चेंडू जमिनीला लागला की ‘टप्पा’ म्हणायचं आणि रॅकेटला लागला की ‘फटका’, एवढंच काम ते शिष्याला देत. लक्ष चेंडूवर खिळतं आणि हात आपली वाट शोधतो. गॅलवे यांची भाषा मला अधूनमधून जरा गूढ वाटते, पण हा सराव कुणीही आजही करून पाहावा.

ऑस्कर वेग्नर त्या मानाने रोखठोक. मूळचे अर्जेंटिनाचे, साठच्या दशकाच्या अखेरीस कॅलिफोर्नियात पांचो सेगुरांचे सहायक. नव्वदच्या दशकात अमेरिकेत त्यांचं म्हणणं घरोघरी पोचलं. अव्वल खेळाडू प्रत्यक्षात जे करतात तेच पहिल्या दिवसापासून शिकवा, असं ते सांगत. रॅकेट घाईने मागे नेऊ नका, हाताने चेंडू पकडायला निघाल्यासारखे त्याच्या मागावर राहा, शरीराच्या पुढे गाठा, वर ओढा आणि रॅकेट दुसऱ्या खांद्यावर संपवा. पायांचं काय? चालताना पावलांचा विचार करत नाही, तसा इथेही करू नका. वेग्नर यांचे चाहते दक्षिण अमेरिका आणि स्पेनच्या यशाचं बरंच श्रेय त्यांना देतात, ते मला जास्त वाटतं. मातीची कोर्टं आणि तासन्‌तास चालणाऱ्या रॅली यांनी ते खेळाडू तसेही घडवले असते. पण क्रमांकांची शिकवणी का मोडावी हे त्यांच्याइतकं सोपं करून थोड्यांनी सांगितलं.

शास्त्राचा आधार या सगळ्याच्या कितीतरी आधी तयार होता. १९२० च्या दशकात मॉस्कोत निकोलाय बर्नश्टाइन यांनी छिन्नीवर घण घालणाऱ्या कुशल कामगारांच्या हालचाली टिपल्या. हातोडा दर वेळी बरोबर जागी पडायचा, पण खांदा, कोपर आणि मनगट यांचे मार्ग दर वेळी थोडे निराळे असायचे. कसबी माणूस हालचाल गिरवत नाही, दर वेळी तो नेम नव्याने जुळवतो. मग ‘कोपर इतक्याच अंशात ठेव’ या हुकमाला काय अर्थ उरतो? १९९२ मध्ये रिचर्ड मास्टर्स यांनी गोल्फच्या पटिंगवर, म्हणजे चेंडू हळूच खळग्यात ढकलण्याच्या फटक्यावर, केलेल्या प्रयोगात नियम पाठ करून शिकलेले लोक दडपणाखाली ढेपाळले. नियमांविना शिकलेल्यांचा खेळ तसा मोडला नाही. स्पर्धेत पोराचा हात का आखडतो, हे विचारणाऱ्या पालकांना हा प्रयोग आवर्जून सांगावा.

भारतात हे वारं उशिरा आलं, आणि त्याला आपलं यशही कारण आहे. रामनाथन कृष्णन १९६० आणि १९६१ मध्ये विम्बल्डनच्या उपांत्य फेरीत खेळले. विजय अमृतराज १९७३ आणि १९८१ मध्ये उपांत्यपूर्व फेरीत पोचले. भारताने डेव्हिस कपची अंतिम फेरी १९६६, १९७४ आणि १९८७ मध्ये गाठली. हे सगळं नाजूक हाताच्या, गवतावरच्या टेनिसचं यश. जे जिंकून देतं तेच शिकवलं जाणार, आणि म्हणून जग बेसलाइनवर, म्हणजे कोर्टाच्या मागच्या रेषेवरून खेळण्याकडे, गेलं तरी आपल्या क्लबांत कॉन्टिनेंटल पकड टिकून राहिली. उसळत्या चेंडूवर तुटून पडणारा भारतीय फोरहँड घराघरांत दिसला तो बहुधा सानिया मिर्झाचा. २००७ मध्ये ती एकेरीत जगात २७ वी होती.

त्याच २००७ मध्ये आंतरराष्ट्रीय महासंघाने नवशिक्यांसाठी ‘प्ले अँड स्टे’ मोहीम काढली. तिच्यातला लाल चेंडू नेहमीच्या पिवळ्यापेक्षा सुमारे ७५ टक्के हळू, नारिंगी ५० टक्के, हिरवा २५ टक्के. कोर्टही त्या मापाचं: लाल चेंडूला सुमारे ११ मीटर लांब, नारिंगीला १८, मग पूर्ण २३.७७. जानेवारी २०१२ पासून दहा वर्षांखालच्या स्पर्धांत पिवळा चेंडू बंदच झाला. ही बंदी किरकोळ वाटते, पण माझ्या मते साऱ्या इतिहासातला सर्वांत कामाचा निर्णय हाच. पिवळा चेंडू सव्वा मीटर उंचीच्या पोराच्या डोक्यावर उसळतो. मग ते पोर स्वतःच रॅकेट पार उलटी धरून तो गाठू लागतं, आणि सर त्याच्या पकडीवर ओरडतात. चेंडू हळू केला की पकड बहुतेकदा न बोलता जागेवर येते. म्हणून कमी बोलणारे सर आळशी असतीलच असं नाही. त्यांचं काम कोणता चेंडू, किती अंतरावरून, कुठे टाकायचा हे ठरवण्यात असतं. फी त्याचीच. सगळ्यांना एकच चेंडू एकाच जागी टाकून मोबाइल बघणारे सरही असतात, त्यांच्याबद्दल पालकांची शंका रास्त आहे.

सगळंच आपसूक येतं, असंही मानू नये. सर्व्हिसला आणि व्हॉलीला आजही ती जुनी कॉन्टिनेंटल पकडच लागते. मुलाला मोकळं सोडलं तर ते सर्व्हिस करताना रॅकेटचं तोंड सपाट चेंडूसमोर धरतं, कारण तसा चेंडू पहिल्या आठवड्यात सहज लागतो. पुढे ती सर्व्हिस ना वेग घेते ना फिरकी, आणि सोळाव्या वर्षी पकड बदलायला महिने जातात. इथे सरांना पहिल्याच महिन्यात हात धरून पकड बसवावी लागते. चेंडू महिनाभर भलतीकडे जाणार, याची पालकांना आधी कल्पना दिलेली बरी.