लाल डोळ्यांचा ‘मॉथमॅन’ आणि कोसळलेला पूल

अमेरिकेतल्या वेस्ट व्हर्जिनिया राज्यात, ओहायो नदीच्या काठी पॉइंट प्लेझंट नावाचं छोटं गाव आहे. १५ नोव्हेंबर १९६६ च्या रात्री दोन तरुण जोडपी गावाबाहेरच्या ‘टीएनटी एरिया’त मोटार घेऊन गेली होती. दुसऱ्या महायुद्धात तिथं स्फोटकांचा कारखाना होता. नंतर उरली ती ओस पडलेली कोठारं, तळी आणि झाडोरा.

सहा-सात फूट उंच, माणसासारखं, पंख असलेलं काहीतरी दिसलं, असं त्यांनी पोलिसांना सांगितलं. गाडी ताशी शंभर मैलांनी पळवली, तरी ते गावाच्या वेशीपर्यंत मागे उडत आलं म्हणे! दुसऱ्याच दिवशी स्थानिक पेपरात बातमी छापून आली आणि मग ‘आम्हीपण पाहिलं’ म्हणणाऱ्यांची रीघ लागली. टीव्हीवर त्याच वर्षी ‘बॅटमॅन’ गाजत होता. त्याच धर्तीवर पत्रकारांनी बारसं केलं, ‘मॉथमॅन’.

त्या जबानीतला एक तपशील फारसं कुणी लक्षात घेत नाही. डोळे लाल चमकले, पण गाडीचा उजेड पडला तेव्हाच. रात्री हेडलाइटसमोर आलेल्या घुबडाचेही डोळे असेच पेटतात. वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठातल्या एका जीवशास्त्रज्ञाने तेव्हा वाट चुकलेल्या सँडहिल क्रेनचं नाव घेतलं होतं. डोळ्यांभोवती लाल कातडी असलेला हा मोठा क्रौंच. मला घुबडच जास्त पटतं. अंधारात, घाबरलेल्या माणसाला उंचीचा अंदाज कुठला यायला?

प्रकरण इथंच विरलं असतं. पण १५ डिसेंबर १९६७ ला, संध्याकाळच्या गर्दीच्या वेळी गावचा सिल्व्हर ब्रिज नदीत कोसळला आणि ४६ माणसं गेली. मॉथमॅन म्हणजे अपशकुन, ही समजूत त्यानंतर जोडली गेली. १९७५ साली आलेल्या एका पुस्तकाने ती दूरवर नेली. चौकशीत निघालं ते वेगळंच. १९२८ चा हा पूल पोलादी पट्ट्यांच्या साखळीवर तोललेला होता. त्यातल्या एका पट्टीला भोकाजवळ जेमतेम अडीच मिलिमीटर खोल तडा गेला होता. एका कडीत पट्ट्या दोनच, त्यामुळे एक तुटल्यावर दुसरीला भार पेलवेना आणि अख्खा पूल खाली आला. पुलांच्या नियमित तपासणीचे देशव्यापी निकष १९७१ मध्ये आले, ते या दुर्घटनेनंतरच.

मॉथमॅनचा पोलादी पुतळा गावात २००३ मध्ये उभा राहिला. दर सप्टेंबरात त्याच्या नावाने जत्रा भरते आणि हॉटेलवाल्यांचा धंदा जोरात चालतो.