टियारा आधी उलटा करून पाहा

29 जुलै 1981 रोजी लंडनच्या सेंट पॉल कॅथीड्रलमध्ये, राजपुत्र चार्ल्सशी झालेल्या लग्नात, डायाना स्पेन्सरने घातलेला टियारा (डोक्यावर घालायचा मुकुटासारखा दागिना) ब्रिटिश राजघराण्याचा नव्हता, तो तिच्या माहेरचा होता. पिढीजात म्हटल्यावर असा दागिना एकाच हातचा, एकाच काळातला असेल असं वाटतं. हा तसा नाही. मधला भाग लेडी सारा स्पेन्सर यांनी 1919 मध्ये डायानाच्या आजीला, म्हणजे लेडी सिंथिया हॅमिल्टन यांना, लग्नात आहेर म्हणून दिला. 1937 मध्ये लंडनच्या गॅरार्ड पेढीने त्याला जुळणारे आणखी चार भाग जोडले. टोकांचे दोन भाग व्हायकाउंटेस मॉन्टॅग्यू यांच्या जुन्या टियारातले असल्याचं सांगितलं जातं. ट्यूलिप, चांदणीसारखी फुलं आणि वेलांटीची नक्षी समोरून एकसंध दिसते, ती त्या जुळवणीमुळे.

म्हणूनच जाणकार टियारा हातात घेतला की आधी उलटा करतात. हिरे एका दागिन्यातून निघून दुसऱ्यात सहज बसतात, त्यामुळे हिऱ्यांच्या वयावरून दागिन्याचं वय ठरत नाही. पाठीमागचे सांधे, डाक (धातूचे तुकडे जोडायला वितळवून लावलेला धातू) आणि धातू मात्र बरंच बोलतात.

स्पेन्सर टियारात हिरे चांदीत बसवले आहेत आणि आधाराला सोनं आहे. ही जुनी युरोपीय रीत. पिवळ्या सोन्याच्या घरात बसवलेल्या हिऱ्यात पिवळसर झाक उतरते. चांदीत तो पांढरा दिसतो. पण चांदी मऊ आणि काळवंडणारी, म्हणून पाठ सोन्याची. केस आणि कपडे काळे होत नाहीत, शिवाय बळकटी मिळते. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला प्लॅटिनम आलं आणि ही जोडी मागे पडली. प्लॅटिनम 1768 अंश सेल्सिअसला वितळतं, चांदी 962 ला. तेवढी आंच देणाऱ्या ऑक्सिजनच्या ज्योती कारखान्यांत पोचेपर्यंत सोनारांना ते नीट हाताळताच येत नव्हतं. त्यामुळे एरवी चांदी-सोन्याच्या दागिन्यात एखादाच तुकडा प्लॅटिनमचा निघाला, तर तो नंतरचा, हे उघड आहे. उलटं मात्र खरं नाही: 1937 मध्येही जुन्याशी जुळवायला चांदी वापरता येतेच.

चांदी काळी पडते ती हवेतल्या हायड्रोजन सल्फाइडमुळे. पृष्ठभागावर सिल्व्हर सल्फाइडचा थर बसतो. लोकर, फेल्ट आणि रबर यांतही गंधक असतं, म्हणून लोकरी अस्तराची देखणी पेटी चांदीच्या दागिन्याला वाईट. आणि पॉलिश हा त्यावरचा उपाय नाही, ती झीज आहे. प्रत्येक वेळी थोडी चांदी निघून जाते. हिरा धरून ठेवणारी नखं अशा चार-पाच पिढ्यांच्या घासण्याने पातळ होतात आणि एक दिवस हिरा गळून पडतो.

हिरा निस्तेज दिसण्याचं कारण बहुतेकदा त्याची पाठ असते. त्याचा अपवर्तनांक (प्रकाश किती वळवतो त्याचं माप) 2.42, म्हणून आत शिरलेला प्रकाश सुमारे 24 अंशांपेक्षा तिरका पडला की मागच्या पैलूवरून पूर्ण परावर्तित होतो. त्या पैलूवर केसांच्या तेलाचा थर बसला की हीच मर्यादा जवळपास 37 अंशांवर जाते आणि पुष्कळ प्रकाश मागून निसटतो. हिऱ्याला तेलाचं भारी आकर्षण! (खाणींमध्ये खडीतून हिरे वेगळे करायला ग्रीस लावलेले टेबल वापरत, ते याच गुणामुळे.) कोमट पाणी, सौम्य साबण आणि मऊ ब्रश एवढं पुरतं. अल्ट्रासॉनिक यंत्रात जुना दागिना घालू नये. आधीच सैल झालेली नखं त्या कंपनांत सुटतात.

दुरुस्तीत सर्वात घातक म्हणजे पूर्वी कुणीतरी घाईने लावलेला शिशाचा डाक. कथिल आणि शिसं यांचं मिश्रण 183 अंशांनाच वितळतं, त्यामुळे काम पटकन होतं. पण तो डाक खरवडून न काढता पुढच्या कारागिराने जोराची आंच दिली, तर शिसं चांदी-सोन्यात मुरतं आणि धातूला अक्षरशः भोकं पडतात. हिराही आगीपासून सुरक्षित नाही. हवेत साधारण 700 अंशांच्या पुढे तो पृष्ठभागावर जळून पांढुरका होतो. म्हणून स्पिरिटमध्ये कालवलेल्या बोरिक आम्लाचा लेप देऊन ते स्पिरिट जाळून टाकतात. मागे राहणारा थर हवा अडवतो. मोती आणि पाचू मात्र आधी काढूनच ठेवावे लागतात.

तुटण्याची जागा बहुधा ठरलेली असते: सांध्याजवळची चौकट. डोक्याच्या मापाला बसवण्यासाठी टोकं पुन्हा पुन्हा वाकवली की धातू कडक होतो आणि मग तडकतो. 20 नोव्हेंबर 1947 रोजी, राजकन्या (पुढे राणी) एलिझाबेथच्या लग्नाच्या सकाळीच, क्वीन मेरीच्या झालरी टियाराची चौकट तुटली आणि गॅरार्डच्या कारागिराला ती घाईघाईने सांधून द्यावी लागली. टोकं वाकवण्याऐवजी चौकटीला मखमली फीत गुंडाळणं बरं. वजन पसरतं, पिना अडकवायला जागा मिळते आणि फीत केसांच्या रंगाची असली तर दिसतही नाही. एरवी सगळा भार कानांमागच्या दोन बिंदूंवर येतो. दिवसभर टियारा घालायची सवय नसल्याने लग्नाच्या दिवशी डायानाचं डोकं चांगलंच ठणकलं, असं तिच्या भावाने पुढे सांगितलं. 2018 मध्ये तिच्या भाचीने तोच टियारा आपल्या लग्नात घातला.