गाडी पिदडली की इंजिन जातं, हे आलं कुठून?

नवी गाडी दारात आली की कोल्हापुरात कुणीतरी वडीलधारा अजून सांगतोच, "पहिलं हजार किलोमीटर जरा सबुरीनं घे. ताणू नको रं." सल्ल्यात तथ्य होतं. फक्त तो ज्या इंजिनांसाठी होता ती आता रस्त्यावर फारशी दिसत नाहीत.

अॅम्बॅसॅडर आणि फियाटच्या जमान्यात इंजिनाचं काम काढणं हा घरखर्चाचाच भाग होता. बोअरचं, म्हणजे पिस्टन ज्यात वरखाली होतो त्या सिलिंडरच्या भोकाचं, फिनिशिंग आजच्याइतकं नेमकं नसे, त्यामुळे पिस्टनवरच्या रिंगा बोअरला बसेपर्यंत गाडी जपावी लागे. पुढे ऑईल खायला लागली, मागून निळा धूर आला, की ब्लॉक थेट उद्यमनगरात. बोअर मारून भोक मोठं करायचं, ओव्हरसाइज पिस्टन टाकायचे, नाहीतर आत नवी नळी, म्हणजे स्लीव्ह, बसवायची. शेतीपंपांची ऑईल इंजिनं बनवत वाढलेलं हे गाव, आणि शिरोली, गोकुळ शिरगावच्या फाउंड्र्यांत इंजिनाचं कास्टिंग आजही ओतलं जातं. त्यामुळे इंजिन कशानं जातं यावर इथं प्रत्येकाचं मत असतं, आणि ते ठाम असतं.

झिजलेल्या बोअरमध्ये वरच्या बाजूला बोट फिरवलं तर एका जागी नखाला कड लागते. वरची रिंग तिथपर्यंत येऊन क्षणभर थांबते आणि उलट फिरते. त्या क्षणी ऑईलचा थर सगळ्यात पातळ असतो. कड पाहून "गाडी लई पळवलीय" असा निकाल देणारे मिस्त्री कमी नव्हते.

पण ही झीज पळवण्यानेच होते असं नाही, हे १९३० च्या दशकातच इंग्लंडमध्ये दिसलं होतं. संशोधक सी. जी. विल्यम्स यांच्या प्रयोगांत सिलिंडरची भिंत थंड असताना झीज झपाट्याने वाढली. इंधन जळून तयार झालेली वाफ थंड भिंतीवर साचते, तिच्यात आम्लं मिसळतात आणि लोखंड खातात. त्यात थंड गाडी सुरू करायला चोकची दांडी ओढली की आत येणारं जादा पेट्रोल भिंतीवरचं ऑईल धुऊन नेतं. म्हणजे राजारामपुरीतून महाद्वार रोडला जाऊन परत येणारी, कधीच नीट न तापणारी गाडी बंगळुरू हायवेवर दिवसभर धावणाऱ्या गाडीपेक्षा किलोमीटरमागे जास्त झिजू शकते. ही गोष्ट आपल्याकडे फार उशिरा पचली. १९९६ मध्ये अमेरिकेच्या 'कन्झ्युमर रिपोर्ट्स' या ग्राहक मासिकाने न्यूयॉर्कच्या ७५ टॅक्सी प्रत्येकी ६० हजार मैल पळवून इंजिनं उघडली, तेव्हा झीज मामुली निघाली. टॅक्सीचं इंजिन थंड व्हायला सवडच कुठे मिळते?

२००० च्या आसपास आपल्याकडे कार्ब्युरेटर जाऊन एमपीएफआय, म्हणजे पेट्रोल मोजून फवारणारी यंत्रणा, आलं आणि चोकची दांडी गेली. एप्रिल २०२० पासून बीएस-६ डिझेलमध्ये गंधक दहा लाखांत १० भागांवर आलं, म्हणजे आम्लाचा मोठा स्रोतही आटला. उलट बीएस-६ डिझेल गाडी नुसती गावातच हळू फिरवली तर डीपीएफ, म्हणजे धुरातली काजळी अडवणारा फिल्टर, तुंबतो. ती काजळी जाळायला गाडी मोकळ्या रस्त्यावर चांगली तापवावी लागते.

म्हणून पिदडणं फुकट आहे असंही नाही. आरपीएम, म्हणजे इंजिनाचे मिनिटाला फेरे, दुप्पट झाले की पिस्टन आणि कनेक्टिंग रॉडवरचा जडत्वाचा ताण चौपट होतो. फेरे ठराविक हद्दीपुढे जाऊ न देणारा रेव्ह लिमिटर गाडी तुटू देत नाही, पण ऑईल कमी असेल किंवा कूलंट गळत असेल तर त्याचा काही उपयोग नाही. सकाळी सेल मारताच रेस करणं तर सरळ नुकसानीचं. वैभववाडीकडून करूळ घाट चढताना मायलेज वाचवायला चौथ्या गिअरात गाडी कण्हत नेतात, तेही वाईटच. लहान टर्बो (धुराच्या जोरावर फिरून जादा हवा आत ढकलणारा पंखा) असलेल्या पेट्रोल इंजिनात कमी आरपीएमवर असा जोर दिला तर मिश्रण वेळेआधी पेटून पिस्टन फुटू शकतो. माझ्या मते तिथं दुसरा टाकून इंजिन मोकळं ओरडू द्यावं, आणि गगनबावड्याला चहाला थांबताना चावी फिरवण्याआधी मिनिटभर ते चालू ठेवावं. नाहीतर तापलेल्या टर्बोच्या बेअरिंगमध्ये ऑईल तिथल्या तिथं करपतं.