दोन वर्षं बायबल शिकलं की झाला जेझुइट फादर? तसं नसतं

‘जेझुइट फादर काय, दोन वर्षं बायबल शिकले की झगा घालून थेट कॉलेजचे प्रिन्सिपल’ हा फॉरवर्ड बरीच वर्षं फिरतोय. (जेझुइट म्हणजे ‘सोसायटी ऑफ जीझस’, थोडक्यात एस. जे., या कॅथलिक संघाचे सदस्य.) असं वाटणं साहजिक आहे, कारण बाहेरून आपल्याला शेवटची खुर्चीच दिसते.

पण ती दोन वर्षं नुसत्या नोव्हिशिएटची, म्हणजे पहिली पायरी. ती झाली की दारिद्र्य, ब्रह्मचर्य आणि आज्ञापालन अशी तीन व्रतं, मग तत्त्वज्ञान, बहुतेकांची कॉलेजची डिग्री, मध्येच दोनेक वर्षं एखाद्या शाळेत वगैरे काम (याला रीजन्सी म्हणतात, खरी परीक्षा इथंच असावी, आठवीचा वर्ग सांभाळणं खायचं काम नाही), त्यानंतर थिऑलॉजी (धर्मशास्त्र) आणि मग कुठे फादर. दहा-बारा वर्षं सहज जातात. कॉलेजात शिकवायचं तर एमएस्सी, पीएचडी वेगळीच.

चेक करायचंय? अशा कॉलेजचा जुना वार्षिक अंक काढा, स्टाफच्या यादीत नावापुढे ‘एस. जे.’ असेल तर ते जेझुइट, नाहीतर फादर दुसऱ्या संघाचे किंवा धर्मप्रांताचे असू शकतात. पदव्या बहुधा तिथंच छापलेल्या असतात. आणि हो, चंद्रावरच्या तीसहून जास्त विवरांना जेझुइट शास्त्रज्ञांची नावं आहेत, ती यादी नेटवर सहज मिळते.