पाम स्प्रिंग्ज

पाम स्प्रिंग्ज हे अमेरिकेच्या कॅलिफोर्निया राज्यात, कोचेला खोऱ्याच्या पश्चिम भागात वसलेले वाळवंटी पर्यटननगर आहे. लॉस अँजेलिसपासून ते सुमारे १७० किमी. अंतरावर असून रस्ता मोकळा असल्यास मोटारीने दोन तासांत गाठता येते; त्यामुळे शनिवार-रविवारला एखादा दिवस जोडून दोघांनीच दोन-तीन रात्री राहून यावे, अशा सुटीसाठी ते दीर्घकाळ लोकप्रिय आहे. नोव्हेंबर ते एप्रिल हा येथला हंगाम असतो. जुलैत दुपारचे तापमान सहज ४० अंश सेल्सिअसच्या वर जाते.

येथील गरम पाण्याच्या झऱ्याजवळ काहुइया या मूळ रहिवाशांची पिढ्यान् पिढ्या वस्ती आहे. हॉलिवूडची मंडळी येऊ लागल्यावर गावाचे रूप पालटले आणि १९३८ मध्ये त्याला नगराचा दर्जा मिळाला. १९६७ च्या मे महिन्यात लास व्हेगसमध्ये लग्न करून गायक एल्विस प्रेस्ली आणि त्याची पत्नी प्रिसिला मधुचंद्रासाठी येथेच आले होते.

आज जोडप्यांना ओढ असते ती १९४५ ते १९७० या काळातल्या वास्तूंची. त्यांना केवळ जुन्या धाटणीच्या म्हणणे अपुरे ठरेल, कारण त्यांचा घाट वाळवंटानेच ठरवला आहे : भिंतींवर ऊन पडू नये म्हणून छपरे लांबवर पुढे काढलेली, खोल्या पोहण्याच्या तलावाकडे उघडणाऱ्या आणि डोंगर घरात बसून दिसावा म्हणून काचेच्या सरकत्या भिंती. वास्तुकार रिचर्ड नॉइट्राने १९४६ मध्ये उभारलेले कॉफमन हाउस यांत सर्वांत प्रसिद्ध असले, तरी या गावाचा खरा वास्तुकार आल्बर्ट फ्राय मानावा लागेल. त्याने नगरभवनाच्या दर्शनी छपराला मोठे गोल भोक ठेवले आणि त्यातून ताडाची झाडे वर जाऊ दिली; डोंगरउतारावरच्या स्वतःच्या घरात त्याने एक प्रचंड धोंडा न फोडता तसाच आत घेतला. अलेक्झांडर कंपनीने अशा रचनेची दोन हजारांहून अधिक घरे बांधून ती मध्यमवर्गाच्या आवाक्यात आणली. त्या काळातली कित्येक छोटी मोटेल डागडुजी करून पुन्हा सुरू झाली असून, फेब्रुवारीत भरणाऱ्या ‘मॉडर्निझम वीक’ या वास्तुकलेच्या उत्सवात खासगी घरेही पाहायला मिळतात.

या देखण्या गावाखालची जमीन मात्र बुद्धिबळाच्या पटासारखी विभागलेली आहे : एक चौरस मैलाचा एक चौकोन काहुइयांच्या आग्वा कॅलिएंते समूहाचा, तर शेजारचा इतरांचा. त्यामुळे अनेक घरे आणि हॉटेले समूहाकडून भाडेपट्ट्याने घेतलेल्या जमिनीवर उभी आहेत. गावाच्या मध्यावरील ‘सेक्शन १४’ या चौकोनात राहणाऱ्या, मुख्यतः कृष्णवर्णीय आणि लॅटिनो, कष्टकरी कुटुंबांना १९५० आणि १९६० च्या दशकांत हुसकावून त्यांची घरे पाडली व जाळली गेली. याबद्दल नगरपरिषदेने २०२४ मध्ये ५९ लाख डॉलरची भरपाई मंजूर केली. या गावाचे वैभव सांगताना ही हकीकत वगळणे अन्यायाचे होईल.

दक्षिणेकडच्या पाम कॅन्यनमध्ये ओढ्याकाठी रानताडांची दाट राई आहे. १९६३ मध्ये सुरू झालेली, आता डब्यांच्या आत गोल फिरणारी जमीन असलेली रज्जुवाट सुमारे दहा मिनिटांत प्रवाशांना सान हासिंतो पर्वतावर २,५९६ मी. उंचीवर नेते. हिवाळ्यात वरच्या पाइनच्या रानात बर्फ साचलेले असते आणि त्याच वेळी खाली लोक तलावाकाठी ऊन घेत असतात. हा पर्वत पश्चिमेला अगदी लगत असल्याने दुपार कलताच त्याची सावली गावावर पसरते.