आयडाहोत सोन्यासाठी सक्शन ड्रेज : आधी नदी, मग परवाने, मग यंत्र

सक्शन ड्रेज म्हणजे नदीच्या तळातली वाळू पंपाने ओढून ती रिफलच्या, म्हणजे आडव्या पट्ट्या बसवलेल्या, पेटीवरून वाहू देणारं यंत्र. सोनं जड, म्हणून ते पेटीत अडकतं. सराफकट्ट्यावरची धूळ धुणारे आपले झारेकरी ज्या युक्तीने सोनं काढतात, तीच ही युक्ती, फक्त मोटर लावलेली. अमेरिकेत बरेच जण ड्रेज आधी घेतात आणि कागदपत्रांना नंतर लागतात. असं करू नका. कॅलिफोर्नियात तर हे काम २००९ पासून बंदच आहे. आयडाहो राज्यात ते करता येतं, पण यंत्र केवढं चालेल ते परवाना ठरवतो.

पहिला परवाना राज्याच्या जलसंपदा विभागाचा. हौशी खाणकामाच्या या साध्या परवान्यासाठी नोझल, म्हणजे वाळू ओढणारं तोंड, पाच इंचांपर्यंत आणि इंजिन पंधरा अश्वशक्तीपर्यंतच चालतं. रहिवाशाला शुल्क १० डॉलर, बाहेरच्याला ३०. कोणता ओढा खुला आहे आणि कोणत्या तारखांना, ती यादी परवान्यासोबत असते. माशांच्या अंडी घालण्याच्या हंगामाप्रमाणे तारखा बदलतात. यंत्र यापेक्षा मोठं असेल किंवा ओढा यादीबाहेरचा असेल, तर वेगळा, सविस्तर अर्ज करावा लागतो.

दुसरा परवाना पर्यावरण गुणवत्ता विभागाचा, नदीत गढूळ पाणी सोडण्याबद्दलचा. लोक अडकतात ते इथेच. साउथ फोर्क क्लिअरवॉटर नदीत असा परवाना न घेता ड्रेज चालवणाऱ्या एकाला न्यायालयाने दीड लाख डॉलरचा दंड केला, आणि अपिलातही तो कायम राहिला. त्याचा युक्तिवाद होता की नदीतलीच वाळू नदीत परत टाकली, तर ते प्रदूषण कसं? न्यायालयाला ते पटलं नाही.

जागेचा कागदही लागतो. तिथे दुसऱ्याचा खाणदावा, म्हणजे खाणकामाचा नोंदवलेला हक्क, असेल तर त्याची लेखी परवानगी घ्या. संघराज्याच्या जमिनीवर स्वतःचा दावा लावण्याचा हक्क १८७२ च्या कायद्याने नागरिकांना आणि नागरिक होण्याचा इरादा रीतसर जाहीर केलेल्यांनाच दिलेला आहे. नोकरीच्या व्हिसावर असलेल्यांनी हे आधी नीट तपासावं.

हे सगळं हातात आल्यावर यंत्र बघा. एकट्याने पाठीवर न्यायचं असेल तर दोन इंची घ्या. चार इंचीला दोन माणसं लागतात. नोझलच्या तोंडाशी हात घालून बघा : तिथलं कडं पाइपापेक्षा थोडं अरुंद हवं. म्हणजे जो दगड आत शिरला तो पुढे पाइपात अडकत नाही. नाहीतर दिवसाचा निम्मा वेळ पाइप ठोकण्यातच जातो.

काम करताना काठ पोखरू नका, फक्त तळच उपसा. चिकणमातीचा थर लागून पाण्याला दुधाळ रंग आला की मोटर बंद करा. दोन्ही परवान्यांच्या प्रती प्लास्टिकच्या पिशवीत घालून ड्रेजजवळच ठेवा.