लार्ज स्केल मॉडेल रेल्वेचे डबे : किंमत आणि दर्जा यांची पारख

४५ मिलिमीटर रुंदीच्या रुळांवर धावणाऱ्या मोठ्या आकाराच्या मॉडेल गाड्यांना ‘लार्ज स्केल’ म्हणतात. रोजच्या बोलण्यात ‘जी स्केल’ हा शब्दही सरसकट वापरला जातो. या गाड्यांचे प्रवासी डबे आणि मालवाघिणी घेताना मागितलेली किंमत वाजवी आहे का, हे ठरवणे वाटते तितके सोपे नाही. किंमत ठरते ती डब्याच्या वरच्या भागावर : रंग, अक्षरे, रिव्हेट, खिडक्यांच्या चौकटी. गाडी धावते ती खालच्या भागावर : चाके, आस, बोगी (डब्याखालची, चाके धरणारी फिरती चौकट), कपलर (डबे एकमेकांना जोडणारा आकडा). या दोन भागांचा दर्जा एकाच डब्यात सारखा असेलच असे नाही. म्हणून जाणकार माणूस डबा हाती आला की आधी तो उलटा करून पाहतो.

एकच रूळ, अनेक प्रमाणे

मेर्कलिन या जर्मन कंपनीने १८९१ साली खेळण्यातल्या रुळांच्या रुंदीला क्रमांक दिले. त्यातला एक क्रमांकाचा रूळ म्हणजेच आजचा ४५ मिमीचा रूळ. १९६८ साली न्यूरेंबर्गच्या लेहमान कंपनीने याच रुळावर नॅरोगेज, म्हणजे अरुंद रुळांच्या, गाड्यांची नवी मालिका आणली आणि तिला ‘लेहमान ग्रोस बान’, म्हणजे लेहमानची मोठी रेल्वे, असे नाव दिले. एलजीबी ही त्याचीच आद्याक्षरे. बागेत, उन्हापावसात चालणारी गाडी ही तिची ओळख. मीटरगेज, म्हणजे एक मीटर रुंदीच्या रुळांवरची, गाडी १:२२.५ या प्रमाणात लहान केली की तिचा रूळ जवळजवळ ४५ मिमी भरतो, म्हणून एलजीबीने ते प्रमाण धरले.

पुढे इतर उत्पादकांनी रूळ तोच ठेवला आणि प्रमाणे मात्र आपापली निवडली. अमेरिकेतल्या तीन फुटी नॅरोगेजसाठी १:२०.३ हे प्रमाण अचूक बसते. १४३५ मिमीच्या स्टँडर्ड गेजसाठी १:३२ योग्य, कारण ४५ ला ३२ ने गुणले की १४४० येतात. तरीही अमेरिकी स्टँडर्ड गेजच्या डब्यांत सर्वाधिक पसरले ते १:२९. या हिशेबाने रुळाची खरी रुंदी १३०५ मिमी होते, म्हणजे गाडी तिच्या रुळाच्या मानाने जवळजवळ दहा टक्के मोठी दिसते. अरिस्टो-क्राफ्ट आणि यूएसए ट्रेन्स यांनी हे प्रमाण रूढ केले. नॅरोगेजच्या भारदस्त डब्यांशेजारी ठेवल्यावर स्टँडर्ड गेजचा डबा किरकोळ वाटू नये, हा त्याचा उघड फायदा.

किमतीच्या दृष्टीने हा तपशील फार महत्त्वाचा आहे. एकाच खऱ्या वाघिणीची १:२९ मधली प्रतिकृती १:३२ मधल्या प्रतिकृतीपेक्षा लांबी, रुंदी आणि उंचीत दहा-दहा टक्के मोठी असते. आकारमानात हा फरक सुमारे एक तृतीयांश होतो. दुकानाच्या फळीवर दोन्ही शेजारी असल्या की मोठी वाघीण स्वस्त पडल्यासारखी वाटते. त्या मोठेपणाची किंमत गेजच्या अचूकतेतून वळती झालेली आहे, हे फळीवर दिसत नाही. दोन वेगळ्या प्रमाणांच्या डब्यांची नुसती किमतीवरून तुलना करण्यात म्हणूनच अर्थ नसतो.

पैसा कुठे जातो

प्लॅस्टिकच्या डब्यात मोठा खर्च असतो पोलादी साच्याचा. साचा एकदा कोरला की त्यातून पाचशे डबे निघोत वा पन्नास हजार, कोरण्याचा खर्च तोच राहतो. लार्ज स्केलचे ग्राहक लहान स्केलच्या मानाने थोडे, त्यामुळे दर डब्यावर साच्याचा भार अधिक पडतो. उलट एखादा साचा तीस-चाळीस वर्षे वापरात असेल तर त्याचा खर्च केव्हाच वसूल झालेला असतो. अशा जुन्या साच्यातला डबा नव्या रंगात, नव्या रेल्वे कंपनीच्या नावाने येतो आणि नव्या साच्यातल्या डब्याच्या जवळपासची किंमत लावली जाते. त्यात फसवणूक नाही, पण घेणाऱ्याला साच्याचे वय माहीत असायला हवे. दारांच्या कडा बोथट होणे, फळ्यांमधल्या रेषा उथळ होणे आणि जोडावर प्लॅस्टिकची पातळ झालर राहणे या खुणा साचा झिजल्याचे सांगतात.

दुसरा खर्च जागेचा. १:२२.५ चा डबा ‘एचओ’ या लहान स्केलच्या, म्हणजे १:८७ च्या, डब्यापेक्षा लांबीत पावणेचार पटींहून थोडा जास्त, पण आकारमानात सुमारे अठ्ठावन्न पट. खोका, फोम, जहाजातली जागा आणि गोदामाचे भाडे हे सारे त्या हिशेबाने वाढते. किमतीचा हा हिस्सा डब्यात कुठेच दिसत नाही.

पितळी डब्यांचे गणित निराळे. ते थोड्या संख्येत आणि हाताने झाळून बनतात, म्हणून प्लॅस्टिकच्या डब्यापेक्षा कितीतरी पट महाग असतात. पत्र्याची खरी जाडी, छताची पातळ कड आणि सुबक जिने पितळेतच शोभतात. चालण्यात मात्र पितळी डबा आपोआप सरस ठरत नाही. त्याचे वजन इंजिनाला ओढावे लागते आणि बोगी नीट जुळवलेली नसेल तर तोही वळणावर रूळ सोडतो.

उलटा केलेला डबा

पहिली नजर चाकांवर. स्वस्त डब्यांना बहुधा प्लॅस्टिकची चाके असतात. ती हलकी असतात आणि त्यांच्यामुळे रुळावर काळपट थर लवकर साठतो, हा बहुतेकांचा अनुभव. धातूची चाके डब्याचा गुरुत्वमध्य खाली आणतात, स्थिर धावतात आणि रुळावर खऱ्या गाडीसारखा आवाज देतात. मात्र रुळातून वीज पुरवत असाल तर त्या चाकजोडीत एका बाजूचे चाक आसापासून विजेच्या दृष्टीने तोडलेले असलेच पाहिजे; नाहीतर डबा रुळावर ठेवताच शॉर्ट सर्किट होते. चाकजोड्या वेगळ्या विकत मिळतात, त्यामुळे स्वस्त डब्याची खरी किंमत काढताना दोन बोग्यांच्या चार चाकजोड्यांचे पैसे त्यात मिळवावेत. पुष्कळदा हा बेरजेचा आकडा शेजारच्या महाग डब्यापर्यंत जाऊन पोचतो.

दुसरी नजर दोन चाकांच्या आतल्या अंतरावर. ४५ मिमीच्या रुळासाठी हे अंतर सुमारे ४० मिमी असते. कॅलिपर लावून चारही जोड्या मोजायला दोन मिनिटेही लागत नाहीत, आणि सांध्यावर, म्हणजे जिथे रूळ फाटा घेतो तिथे, डबा का उड्या मारतो याचे उत्तर बहुतेकदा याच मोजणीत मिळते. अंतर कमी असेल तर चाकाची कड सांध्यात अडकते. ही चूक महागड्या डब्यातही आढळते आणि तिचा किमतीशी संबंध नसतो.

तिसरी परीक्षा लोळण्याची, आणि माझ्या मते हीच सर्वांत खरी. एक मीटर लांबीच्या फळीवर सरळ रूळ ठोका, त्यावर डबा ठेवा आणि फळीचे एक टोक हळूहळू उचला. बोटाने अगदी हलका धक्का दिल्यावर डबा न थांबता जात राहील, त्या वेळी टोक किती उचलले आहे ते पाहा. टोक दोन सेंटीमीटर वर असेल तर डब्याचा विरोध त्याच्या वजनाच्या दोन टक्के आहे. म्हणजे एक किलोचा डबा ओढायला वीस ग्रॅम जोर हवा, तसे दहा डबे ओढायला दोनशे ग्रॅम. हाच डबा एका सेंटीमीटरला लोळू लागला तर तेच इंजिन सपाट रुळावर दुप्पट गाडी नेते. बॉल बेअरिंग असलेली चाकजोडी महाग असते, पण तिचे पैसे इथे वसूल होतात. आत दिवे असलेल्या प्रवासी डब्यांत चाकांना टेकलेल्या वीज घेणाऱ्या पट्ट्या घर्षण वाढवतात. अशा डब्याची परीक्षा दिव्यांची जोडणी काढून आणि ठेवून, दोन्ही प्रकारे करावी. फरक पाहून पुष्कळांना आश्चर्य वाटते.

कपलर चौथे. युरोपीय धाटणीचा आकडा-आणि-कडी आणि अमेरिकी धाटणीचा मुठीसारखा नकल कपलर एकमेकांत अडकत नाहीत, आणि नकल कपलरांच्याही उंचीत उत्पादकागणिक फरक असतो. कपलर बोगीला बसवलेला असेल तर डबा तंग वळण घेऊ शकतो, पण लांब गाडी मागे ढकलताना बोगी तिरपी होऊन रुळाबाहेर जाते. डब्याच्या अंगाला बसवलेला कपलर ढकलण्यात भक्कम असतो, मात्र त्याला मोठ्या त्रिज्येचे वळण लागते. कोणता चांगला, हे डब्याकडे पाहून सांगता येत नाही; रूळ कसा आहे ते आधी विचारावे लागते.

वळणाचा हिशेब

अमेरिकेतला ८५ फुटी प्रवासी डबा १:२९ मध्ये सुमारे ८९ सेंटीमीटर होतो. समजा त्याच्या दोन बोग्यांच्या मध्यांत ६० सेंटीमीटर अंतर आहे. एलजीबीच्या सर्वांत तंग, ६० सेंटीमीटर त्रिज्येच्या वळणावर हा डबा बसवला असे धरले, तर त्याचा मधला भाग रुळाच्या मध्यरेषेपासून सुमारे आठ सेंटीमीटर आत झुकेल. डब्याची अर्धी रुंदीही इतकी नसते. दीड मीटर त्रिज्येला हाच झुकाव तीन सेंटीमीटरवर येतो. उत्पादक म्हणूनच पुष्कळ प्रवासी डबे मुद्दाम आखूड करून विकतात, दोन-तीन खिडक्या कमी करून. शुद्धतावादी त्याला दोष मानतात. ज्याच्याकडे जागा थोडी आहे त्याच्यासाठी तोच डबा योग्य दर्जाचा, आणि पूर्ण लांबीचा महाग डबा निव्वळ शोभेचा.

वजनाचेही तसेच. रिकामी सपाट वाघीण फार हलकी असते. ती लांब गाडीत इंजिनाजवळ जोडली तर वळणावर मागच्या डब्यांची ओढ तिला आतल्या बाजूला खेचते आणि ती रुळावरून उचलली जाते. तळाशी शिशाचे किंवा पोलादाचे वजन चिकटवले की हा दोष थोड्या खर्चात जातो. अशा दोषासाठी किंमत कमी करून मागावी, डबा नाकारू नये.

रंग, अक्षरे, तपशील

वरचा भाग पाहायचा तो भिंगातून. छोट्यात छोटी ओळ, म्हणजे वाघिणीच्या कोपऱ्यातला वजन आणि क्षमतेचा मजकूर, वाचता आला आणि अक्षरे रिव्हेटवरून जाताना फाटली नसली तर छपाई काळजीपूर्वक झालेली आहे. रंगवलेला डबा आणि नुसत्या रंगीत प्लॅस्टिकचा डबा यांतला फरक तिरप्या प्रकाशात कळतो : न रंगवलेल्या प्लॅस्टिकला मेणासारखी चमक असते आणि कडांवर प्रकाश किंचित आरपार जातो.

वेगळे बसवलेले हातधरे, जिन्याच्या पायऱ्या आणि ब्रेकच्या सळया यांसाठी जास्त पैसे घेतले जातात. घरातल्या कपाटात किंवा स्थिर मांडणीवर ते सार्थकी लागतात. बागेत रोज डबे आणायचे-न्यायचे असतील तर हेच नाजूक भाग आधी तुटतात. तिथे अंगातच ओतलेला जाडसर तपशील अधिक टिकतो, आणि तीन मीटरवरून पाहणाऱ्याला फरक जाणवतही नाही.

उन्हाचा प्रश्न याहून गंभीर आहे. साध्या एबीएस प्लॅस्टिकमधला ब्युटाडाईन हा रबरी घटक अतिनील किरणांनी खराब होतो. डबा आधी पिवळट आणि मग ठिसूळ होतो. एएसए हे त्याच्या जवळचे प्लॅस्टिक उन्हात बरेच अधिक टिकते. बाहेर ठेवायच्या डब्यासाठी प्लॅस्टिकची जात विचारून घेणे रिव्हेट मोजण्यापेक्षा कितीतरी जास्त महत्त्वाचे.

जुना माल

वापरलेल्या डब्यांच्या बाजारात मूळ खोक्याला मोठी किंमत येते. ती संग्राहकाची किंमत. ज्याला गाडी चालवायची आहे त्याने खोक्यासाठी पैसे मोजू नयेत. त्यापेक्षा छताचा आणि बाजूचा रंग ताडून पाहावा. खिडकीजवळ पडून राहिलेल्या डब्याची एक बाजू दुसरीपेक्षा फिकट असते, आणि त्या बाजूचे हातधरे बोटाने वाकवले तर मोडतात.

जस्ताच्या मिश्रधातूत ओतलेल्या बोग्या आणि चौकटी विशेष तपासाव्यात. त्या मिश्रणात शिशाचा अंश शिरला असेल तर धातू कणाकणांच्या सीमांवरून आतून गंजतो, फुगतो आणि शेवटी हातात भुगा होतो. याला जस्ताची कीड म्हणतात आणि तिला उपाय नाही. १९२९ पासून अतिशुद्ध जस्ताचा झामाक हा मिश्रधातू उपलब्ध आहे, तरी निष्काळजी ओतकामात ही कीड नंतरच्या काळातही दिसते. रंगाखाली केसासारख्या बारीक भेगा, सरळ असायला हवी ती चौकट किंचित कमानदार होणे आणि बोगीत चाके घट्ट बसणे ही तिची लक्षणे.

सुटे भाग मिळणे हाही दर्जाचाच भाग. लेहमान कंपनी २००६ साली दिवाळखोरीत गेली आणि एलजीबी मेर्कलिनकडे आली, म्हणून त्या डब्यांचे नाव आणि पुरवठा टिकून राहिला. अरिस्टो-क्राफ्ट २०१३ च्या अखेरीस बंद झाली. तिच्या चांगल्या डब्यांची एखादी बोगी मोडली तर आता दुसरा डबा फोडूनच ती मिळवावी लागते. अशा डब्यांची जोडी एकदम घेणारे लोक दुसरा डबा सुट्या भागांसाठी बाजूला ठेवतात, आणि दोन्हींची मिळून किंमत हीच एका डब्याची किंमत धरतात.